अमेरिकन मूल्ये व परदेशातील कार्य : मराठी प्रदेशातील अनुभव

एका समाजात वाढलेली व्यक्ती कार्यासाठी दुसऱ्या समाजात जाते, तेव्हा तिच्याबरोबर तिच्या समाजाची मूल्ये जातात, तशाच त्या दुसऱ्या समाजाविषयीच्या ठरीव कल्पनाही जातात. उलटपक्षी, यजमान समाजाच्या मनातही त्या पाहुण्याविषयी काही कल्पना आधीच तयार असतात. अशा कल्पनांना साचेबंद प्रतिमा म्हणतात. ही संज्ञा मूळची मुद्रणव्यवसायातील होय. जुळविलेल्या खिळ्यांवरून अखंड धातूचा साचा ओतला, की त्यावरून हव्या तितक्या प्रती निघतात. मात्र त्यातील एक अक्षरही बदलता येत नाही. अमेरिकन पत्रकार व विचारवंत वॉल्टर लिपमन यांनी पब्लिक ओपिनियन (१९२२) या ग्रंथात ही संज्ञा मनातील ठरीव चित्रांसाठी वापरली आणि पुढे ती समाजशास्त्रांत रूढ झाली.

अमेरिकन मूल्ये आणि अशा प्रतिमा यांचा परदेशातील कार्यावर काय परिणाम होतो, हे अभ्यासण्यास मराठी प्रदेशाचा इतिहास विशेष उपयुक्त आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतून परदेशी पाठविलेल्या पहिल्या संघटित मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि अमेरिकन व मराठी माणसांचा संबंध तेव्हापासून दोन शतकांहून अधिक काळ टिकून आहे. मुंबई, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सातारा, सोलापूर, कोल्हापूर व मिरज ही या संबंधाची प्रमुख केंद्रे होत. पूर्व विदर्भात मात्र अमेरिकनांचे असे मोठे केंद्र नव्हते. भंडारा येथील मिशन हे स्कॉटलंडच्या चर्चचे होते. त्यामुळे भंडारा जिल्ह्यातील सानगडीसारख्या (ता. साकोली) गावात अमेरिकेविषयीची कल्पना प्रत्यक्ष सहवासातून न बनता ऐकीव व छापील माहितीवरूनच बनण्याचा संभव अधिक होता. सहवासातून बनलेली आणि दुरून बनलेली प्रतिमा यांतील हा भेद प्रस्तुत विषयात महत्त्वाचा आहे.

मूल्यांचे स्वरूप : आरंभीच्या अमेरिकन कार्यकर्त्यांची जडणघडण न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल पंथात झाली होती. या पंथात प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाही, आपला खर्च स्वतः उचली आणि आपला पाळक स्वतः निवडी. स्वेच्छेने संस्था स्थापण्याच्या अमेरिकनांच्या या प्रवृत्तीची नोंद फ्रेंच विचारवंत आलेक्सी द तॉकव्हील यांनी डेमॉक्रसी इन अमेरिका (१८३५, १८४०) या ग्रंथात विस्ताराने केली आहे. स्वावलंबन, उद्योगशीलता, उपयुक्त ज्ञानाची आवड, मनुष्यमात्राच्या समतेचे तत्त्व आणि प्रयत्नाने जग सुधारता येते हा विश्वास, ही या कार्यकर्त्यांची मुख्य मूल्ये होती. या सर्वांच्या मुळाशी आपला धर्म हाच एकमेव सत्य धर्म होय, ही दृढ श्रद्धा होती.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूवेल यांनी १८१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तिकेत ही वृत्ती स्पष्टपणे दिसते. जगाचे धर्मांतर हा तिचा विषय असून जगातील साठ कोटी लोकांचा हक्क व चर्चचे कर्तव्य यांचा तीत हिशेब मांडलेला आहे. साठ कोटी माणसांकडे एकच एक गरज असलेला समुदाय म्हणून पाहणे, ही त्या काळातील सर्वांत व्यापक साचेबंद प्रतिमा म्हणावी लागेल. तथापि या हिशेबी उत्साहामुळेच ही माणसे घर सोडून अपरिचित देशात आली, हेही विसरता येत नाही. मूल्य आणि पूर्वग्रह हे येथे एकाच मुळातून वाढलेले आढळतात.

आगमन व पहिला गैरसमज : अमेरिकन बोर्ड ऑफ कमिशनर्स फॉर फॉरिन मिशन्स ही संस्था १८१० मध्ये स्थापन झाली. तिने पाठविलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीचा मिशनऱ्यांना विरोध होता. शिवाय १८१२ पासून इंग्लंड व अमेरिका यांच्यात युद्ध चालू होते. त्यामुळे हे दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले व त्यांना परत पाठविण्याचे हुकूम निघाले. मुंबईचे गव्हर्नर सर एव्हन नेपियन यांच्या सहानुभूतीमुळे आणि १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांवरील निर्बंध सैल झाल्यामुळे त्यांना अखेर राहता आले.

ज्यांना इंग्रज सरकार हाकलून देऊ पाहत होते, त्यांनाच सामान्य मराठी माणूस मात्र ‘साहेब’ म्हणूनच ओळखी. गोरा वर्ण, टोपी आणि बंगला ही राज्यकर्त्यांची चिन्हे होती. ती धारण करणारा माणूस आपण प्रजासत्ताकातून आलो आहोत, असे सांगत असला, तरी त्या म्हणण्यास व्यवहारात फारसा अर्थ उरत नसे. ही प्रतिमा अमेरिकनांना काही वेळा सोयीचीही ठरली. साहेब म्हणून मिळणारे संरक्षण व मान त्यांनी नाकारल्याचे सहसा दिसत नाही. पुढे बंगला हाच मिशनच्या अधिकाराचे प्रतीक बनला आणि समतेचा उपदेश व प्रत्यक्ष राहणी यांतील अंतर त्यातून उघड झाले.

शिक्षण आणि मुद्रण : मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. डिसेंबर १८२७ मध्ये सिंथिया फॅरार या मुंबईस आल्या. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठविलेल्या त्या पहिल्या अविवाहित स्त्री होत. प्रथम मुंबईत व नंतर अहमदनगर येथे त्यांनी १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुलींच्या शिक्षणाचे काम केले. जोतीराव फुले यांनी अहमदनगर येथील त्यांची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. एका अविवाहित स्त्रीने घरापासून हजारो कोस दूर राहून स्वतंत्रपणे शाळा चालवावी, हे तत्कालीन समाजाला नवीन होते. स्त्रीच्या कर्तृत्वाविषयीची रूढ कल्पना या प्रत्यक्ष उदाहरणाने जितकी हलली, तितकी ती उपदेशाने हलली नसती.

मुंबईतील अमेरिकन मिशन छापखान्याचा परिणामही असाच उपदेशाच्या कक्षेबाहेर गेला. बायबलमधील नव्या कराराचे मराठी भाषांतर १८२६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक म्हणून प्रसिद्धी पावलेले जावजी दादाजी यांनी खिळ्यांच्या कामाचे धडे या छापखान्यात गिरविले. अहमदनगर येथे १८४२ मध्ये सुरू झालेले ज्ञानोदय हे नियतकालिक धर्मप्रसारासाठी होते. परंतु त्यातून विज्ञान, भूगोल व सामाजिक प्रश्न यांविषयीचे लेखनही प्रसिद्ध होई आणि त्याच्याशी वाद घालता घालता मराठी गद्य व मराठी पत्रकारिता यांना धार आली.

येथे दोन्ही बाजूंच्या प्रतिमांचा अडथळाही दिसतो. शिक्षणाने हिंदू मनुष्य आपला धर्म सोडील, ही मिशनऱ्यांची अपेक्षा होती. मिशनची शाळा म्हणजे मुलगा बाटविण्याची जागा, ही पालकांची भीती होती. एखादे धर्मांतर झाले, की ही भीती खरी ठरे व मुले शाळेतून काढून घेतली जात. प्रत्यक्षात बहुसंख्य विद्यार्थी शिकून, हिंदूच राहून, नव्या विचारांचे झाले. हा परिणाम दोन्ही पक्षांच्या कल्पनेत बसणारा नव्हता.

बोस्टनचे धोरण : मिशनचे चिटणीस रूफस अँडरसन हे १८५४-५५ मध्ये पाहणीसाठी हिंदुस्थानात आले. स्थानिक चर्च हे स्वतःचा कारभार पाहणारे, स्वतःचा खर्च भागविणारे व स्वतःचा प्रसार करणारे असावे, हे त्यांचे तत्त्व होते. शिक्षण देशी भाषेतच द्यावे व खेड्यांतील लोकांकडे लक्ष पुरवावे, असा त्यांचा आग्रह असल्याने मिशनच्या इंग्रजी शिक्षणाला कात्री लागली. याच सुमारास हरी रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली.

या धोरणाचे मूल्यमापन सोपे नाही. मराठीचा पुरस्कार आणि देशी पाळकांची नेमणूक यांत परक्या संस्कृतीविषयीचा आदर होता. तथापि इंग्रजी ही त्या काळी नोकरीची, सत्तेची व बाहेरच्या जगाच्या परिचयाची भाषा होती आणि ती शिकण्याची इच्छा स्थानिक लोकांचीच होती. स्वावलंबन म्हणजे काय, याचा निर्णय बोस्टनमध्ये झाला आणि ज्यांनी स्वावलंबी व्हावयाचे, त्यांचे मत गौण ठरले. कोल्हापूर येथे शाळा चालविणारे रॉयल वाइल्डर यांनी अँडरसन यांच्या धोरणास विरोध केला व ते बोर्डापासून दूर होऊन स्वतंत्रपणे काम करू लागले. हे कार्य १८७० मध्ये अमेरिकेतील प्रेसबिटेरियन चर्चने आपल्याकडे घेतले. दूरच्या कचेरीतील तत्त्वनिष्ठा आणि प्रत्यक्ष जागेवरील अनुभव यांतील हा संघर्ष पुढील काळातील अनेक परदेशी योजनांमध्येही आढळतो.

जातिव्यवस्थेविषयीची समजूत : हिंदू समाज म्हणजे ब्राह्मणांच्या आज्ञेत चालणारा एकजिनसी समाज, अशी समजूत पहिल्या पिढीतील मिशनऱ्यांनी बरोबर आणली होती. ब्राह्मण वळला, की समाज वळेल, असा तिचा निष्कर्ष होता. हॉलिस रीड यांनी एका धर्मांतरित ब्राह्मणाच्या चरित्रावर लिहिलेले द ख्रिश्चन ब्राह्मण हे पुस्तक १८३६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले, ते याच दृष्टीमुळे. प्रत्यक्षात अहमदनगर परिसरात मिशनकडे मोठ्या संख्येने वळले, ते महार व मांग समाजांतील लोक. त्यांची प्रेरणा केवळ धार्मिक नव्हती. शाळा, माणुसकीची वागणूक व गावकीच्या जाचातून सुटका यांचीही त्यांना ओढ होती. कार्याची दिशा अशा रीतीने मिशनने ठरविली नाही. ती या लोकांनी ठरविली आणि मिशनला आपल्या कल्पना तिच्याशी जुळवून घ्याव्या लागल्या.

मराठी मनातील अमेरिका : साचेबंद प्रतिमा एकाच बाजूने तयार होत नाहीत. जोतीराव फुले यांनी गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ निग्रो दास्यविमोचनाच्या कार्याबद्दल अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. गृहयुद्ध व गुलामगिरीचा अंत (१८६५) यांमुळे अमेरिका म्हणजे स्वातंत्र्य व समता यांची भूमी, ही प्रतिमा येथे दृढ झाली. ती अपुरी होती. कारण गुलामगिरी गेल्यानंतरही दक्षिणेतील संस्थानांत वर्णभेदाचे कायदे उभे राहिले. तरीही या प्रतिमेचे कार्य मोठे होते. दूरच्या देशात मनुष्याने मनुष्याचे दास्य कायद्याने नष्ट केले, तर ते येथेही करता येईल, असा आधार तिने दिला. प्रतिमा अपुरी असूनही उपकारक ठरू शकते, याचे हे उदाहरण होय.

प्रत्यक्ष अमेरिका पाहून ही प्रतिमा तपासण्याचे काम प्रथम दोन मराठी स्त्रियांनी केले. आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांच्या शिक्षणासाठी त्यांचे पती गोपाळराव यांनी वाइल्डर यांच्याशी पत्रव्यवहार केला. धर्मांतराच्या अपेक्षेमुळे तो मार्ग खुंटला. परंतु वाइल्डर यांच्या नियतकालिकात छापलेली ती पत्रे न्यू जर्सीमधील रोझेल येथील थिओडोशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आली व त्यांनी आनंदीबाईंना आपल्या घरी बोलाविले. एकाच देशातील दोन व्यक्तींनी एकाच पत्रव्यवहाराला दिलेले हे भिन्न प्रतिसाद लक्षणीय आहेत. आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे जाहीरपणे सांगून आनंदीबाई एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. नऊवारी लुगडे व शाकाहार त्यांनी शक्य तितका सांभाळला. त्या काळातील त्यांचे एक प्रसिद्ध छायाचित्र जपानी व सिरियन सहाध्यायिनींबरोबर आपापल्या देशी वेषात काढलेले आहे. त्यात महाविद्यालयाचा रास्त अभिमान दिसतो, तसेच परदेशी विद्यार्थिनीकडे तिच्या देशाचा नमुना म्हणून पाहण्याची वृत्तीही दिसते.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आनंदीबाईंच्या पदवीदानास उपस्थित राहण्यासाठी अमेरिकेस गेल्या व तेथे दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त (१८८९) या त्यांच्या ग्रंथात अमेरिकनांची उद्योगशीलता, लोकसत्ता, सार्वत्रिक शिक्षण आणि विशेषतः स्त्रियांच्या संस्था यांचे कौतुक आहे. त्याचबरोबर काळ्या लोकांविषयीचा द्वेष व मूळच्या रहिवाशांवरील अन्याय यांवर त्यांनी स्पष्ट टीका केली आहे. पाश्चात्त्यांनी पौर्वात्य समाजाचे वर्णन करावयाचे, हा तोवरचा प्रघात होता. एका मराठी स्त्रीने अमेरिकन समाजाचे गुणदोष मराठी वाचकांपुढे मांडून तो उलटविला.

निधी आणि प्रतिमा : परदेशातील कार्यास पैसा लागतो आणि तो मायदेशातील लोकांच्या सहानुभूतीवर मिळतो. साचेबंद प्रतिमा टिकून राहण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. रमाबाईंचे द हाय-कास्ट हिंदू वुमन हे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन तिने दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरविले. या साहाय्यातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. विधवांची दुःस्थिती हे सत्य होते. परंतु निधीसाठी तेच ते चित्र पुनःपुन्हा मांडले गेल्याने हिंदू स्त्री म्हणजे केवळ पीडित स्त्री, असा अमेरिकन श्रोत्यांचा समज झाला. त्याची प्रतिक्रियाही झाली. स्वामी विवेकानंदांनी अमेरिकेतील व्याख्यानांत या चित्रास आक्षेप घेतला आणि १८९५ मध्ये ब्रुकलिन येथील रमाबाई मंडळाशी त्यांचा जाहीर वाद झाला. इकडे शारदासदनात धर्मांतराचा प्रयत्न होतो, या आरोपावरून म. गो. रानडे, रा. गो. भांडारकर इत्यादी सल्लागारांनी १८९३ मध्ये संस्थेशी असलेला संबंध तोडला. दोन्ही देशांतील प्रतिमांच्या मध्ये ज्यांच्यासाठी हे कार्य होते, त्या विधवा मुलींचा प्रश्न मागे पडण्याचा धोका निर्माण झाला.

१८९९-१९०० च्या दुष्काळातही असेच घडले. न्यूयॉर्कच्या ख्रिश्चन हेरल्ड या नियतकालिकाने लोकांना मदतीचे आवाहन केले व क्विटो या जहाजातून मका हिंदुस्थानात पाठविण्यात आला. अहमदनगरचे रॉबर्ट ह्यूम यांनी मदतकार्यात मोठा वाटा उचलला. या मदतीने अनेकांचे प्राण वाचले, हे निर्विवाद आहे. मात्र भुकेने सुकलेल्या देहांची छायाचित्रे अमेरिकन घराघरांत पोहोचली व हिंदुस्थानची तीच ओळख दीर्घकाळ राहिली.

समतेची कसोटी : अमेरिकन मूल्यांची खरी परीक्षा मिशनच्या अंतर्गत व्यवहारात झाली. समतेचा उपदेश करणाऱ्या संस्थेत निर्णयाचा अधिकार, वेतन व राहणी यांबाबत परदेशी मिशनरी व देशी सहकारी यांत मोठी तफावत होती. देशी माणूस प्रामाणिक व भाविक असला, तरी अद्याप जबाबदारीस तयार नाही, ही समजूत तिच्या मुळाशी होती. स्वावलंबनाचे तत्त्व सांगावयाचे आणि स्वावलंबी होण्याची वेळ मात्र पुढे ढकलावयाची, असा हा विरोध होता.

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी तो सर्वांत स्पष्टपणे मांडला. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला व नंतर अहमदनगर येथे ते अमेरिकन मिशनमध्ये अध्यापन, लेखन व उपदेशाचे काम करू लागले. ख्रिस्ताची भक्ती अभंग, भजन व कीर्तन या मराठी रूपांतून व्हावी, हा त्यांचा आग्रह होता. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा कृष्णराव रत्नोजी सांगळे यांच्यासारख्यांनी अहमदनगर परिसरात आधीच सुरू केली होती. टिळकांनी तिला काव्याची उंची दिली. मिशनरी हे मायबाप व देशी ख्रिस्ती हे त्यांचे आश्रित, या नात्यावर त्यांनी कडक टीका केली आणि १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ हा स्वतंत्र बंधुसंघ उभारण्यास आरंभ केला. ज्या स्वातंत्र्याची थोरवी अमेरिकन सांगत, त्याचाच आधार टिळकांनी अमेरिकन संस्थेविरुद्ध घेतला, असे म्हणता येईल. अनेक अमेरिकन सहकाऱ्यांशी त्यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात मिशनच्या जगाचे मराठी घरातून दिसणारे मिस्कील व समंजस चित्र आढळते.

भाषाभ्यासातून दुरुस्ती : काही अमेरिकनांच्या बाबतीत भाषेने हे काम केले. अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ काम केलेले जस्टिन ॲबट (१८५३–१९३२) हे निवृत्तीनंतर मराठी संतसाहित्याकडे वळले. एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास इ. संतांची चरित्रे व रचना त्यांनी इंग्रजीत आणल्या. हे भाषांतर खंडनासाठी नव्हते. महाराष्ट्राची भक्ती पाश्चात्त्य वाचकास तिच्याच शब्दांत कळावी, हा त्याचा हेतू होता. ज्या समाजास शिकविण्यासाठी ते आले, त्याच्याकडून शिकण्यापर्यंतचा हा प्रवास होता.

याच सुमारास कॅथरिन मेयो यांचे मदर इंडिया (१९२७) प्रसिद्ध झाले. थोडक्या महिन्यांच्या प्रवासावर आधारलेल्या या पुस्तकात बालविवाह, अस्वच्छता व रोगराई यांचेच चित्रण होते. म. गांधींनी त्याची संभावना गटार तपासणाऱ्याचा अहवाल अशी केली. भारतात राहिलेल्या अनेक मिशनऱ्यांनाही हे चित्र मान्य नव्हते. परंतु अमेरिकेत खप झाला, तो मेयो यांच्या पुस्तकाचा. हॅरल्ड आयझॅक्स यांनी १८१ प्रतिष्ठित अमेरिकनांच्या मुलाखती घेऊन लिहिलेल्या स्क्रॅचेस ऑन अवर माइंड्स (१९५८) या ग्रंथात चीन व भारत यांविषयीच्या अमेरिकन प्रतिमांचा शोध घेतला आहे. मिशनऱ्यांकडून ऐकलेल्या कथा, किपलिंगचे साहित्य आणि मेयो यांचे पुस्तक यांचा ठसा अनेकांच्या मनावर टिकून असल्याचे त्यात आढळले.

स्वातंत्र्योत्तर काळ : स्वातंत्र्यानंतर मिशनऱ्याची जागा तज्ज्ञ, स्वयंसेवक व संशोधक यांनी घेतली. मिशनशी संबंधित मंडळ्या कालांतराने भारतीय चर्चमध्ये विलीन झाल्या. नोव्हेंबर १९७० मध्ये नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. पीस कोअर या अमेरिकन शासकीय योजनेचे स्वयंसेवक १९६१ ते १९७६ या काळात भारतात शेती, कुक्कुटपालन, आरोग्य इ. क्षेत्रांत काम करीत होते. त्यांना येण्यापूर्वी भाषेचे शिक्षण दिले जाई व ते खेड्यांत साधेपणाने राहत. बंगल्याचा दोष या योजनेने टाळला. तथापि दोन वर्षांच्या मुदतीत गावाचा विश्वास मिळविणे आणि काम उभे करणे, ही दोन्ही उद्दिष्टे साधणे कठीण होते.

खेड्यापाड्यांतील बहुसंख्य मराठी लोकांना या काळातील अमेरिका दिसली, ती मात्र माणसाच्या रूपात नव्हे, तर धान्याच्या रूपात. पी. एल. ४८० या अमेरिकन कायद्यान्वये आलेला गहू, तसेच टंचाईच्या वर्षांत आलेली मिलो ही तांबडी ज्वारी शिधावाटप दुकानांतून घरोघरी गेली. स्वतःच्या शेतातील ज्वारी किंवा भंडाऱ्यासारख्या भागातील तांदूळ खाणाऱ्या माणसाला हे धान्य रुचत नसे. त्यामुळे अमेरिका म्हणजे संपन्न, दाता, परंतु आपल्या चवीची पर्वा नसलेला देश, अशी नवी ठरीव प्रतिमा रूढ होण्यास वाव मिळाला. मदत देणारा व घेणारा यांची गाठ न पडता केवळ वस्तू पोहोचली, तर प्रतिमा दुरुस्त होण्याचा मार्गच बंद होतो.

याउलट काही अमेरिकन विदुषींनी मराठी समाजात राहून काम केले. एलिनॉर झेलिअट (१९२६–२०१६) यांनी डॉ. आंबेडकर व महार चळवळ यांचा मूलगामी अभ्यास केला. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटण येथे राहून मराठीच्या अध्यापनाचे काम केले, १९७८ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले आणि १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. गेल ऑम्व्हेट (१९४१–२०२१) यांनी सत्यशोधक व ब्राह्मणेतर चळवळीवर संशोधन केले. सांगली जिल्ह्यातील कासेगाव येथे स्थायिक होऊन त्यांनी १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व स्वीकारले व स्त्रिया, शेतकरी आणि दलित यांच्या चळवळींत भाग घेतला. समता व स्वतंत्र विचार ही त्यांची मूल्ये अमेरिकन परंपरेशी नाते सांगणारी होती. परंतु कोणत्या प्रश्नावर व कोणाबरोबर काम करावयाचे, हे त्यांनी येथील लोकांच्या चळवळींतून जाणून घेतले. फुले यांनी अमेरिकेतील लोकांना ग्रंथ अर्पण केल्यानंतर सु. शंभर वर्षांनी एका अमेरिकन संशोधिकेने फुले यांच्या चळवळीचा इतिहास जगापुढे मांडला, ही या दीर्घ देवघेवीतील उल्लेखनीय घटना होय.

मूल्यमापन : मराठी प्रदेशातील अनुभवावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. ठरीव कल्पना न बाळगता कोणीही परक्या समाजात जात नाही. अमेरिकनांच्या बाबतीत त्यांची सर्वांत प्रभावी मूल्येच त्यांच्या चुकांनाही कारणीभूत झाली : उपक्रमशीलतेबरोबर उतावीळपणा आला, स्वावलंबनाच्या आग्रहाबरोबर दुसऱ्याच्या इच्छेकडे दुर्लक्ष झाले आणि सहानुभूतीबरोबर आश्रयदात्याची वृत्ती आली. कार्याचे यश हे या दोषांच्या अभावावर अवलंबून नव्हते. ते दुरुस्त होण्याची सोय असण्यावर अवलंबून होते. दीर्घ वास्तव्य, स्थानिक भाषेवर प्रभुत्व आणि स्थानिक सहकाऱ्याची टीका ऐकून घेण्याची तयारी या तीन मार्गांनी ही दुरुस्ती घडली. यांपैकी तिसरा मार्ग सर्वांत कठीण ठरला. कारण त्यात अधिकार वाटून द्यावा लागतो.

अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर मोठ्या संख्येने मराठी माणसे तिकडे शिक्षण व व्यवसाय यांसाठी गेली आणि १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. आता परदेशात काम करणारा, साचेबंद प्रतिमांना तोंड देणारा व स्वतःही त्या बाळगणारा मनुष्य अनेकदा मराठी असतो. हॉल व फॅरार यांच्यापासून टिळक व ऑम्व्हेट यांच्यापर्यंतचा हा इतिहास त्यामुळे केवळ मिशनचा वा अमेरिकनांचा इतिहास राहत नाही. परक्या समाजात काम करू इच्छिणाऱ्या मराठी माणसालाही तो तितकाच लागू पडतो.